पुस्तकातलं गाव नकाशावर कुठे सापडतं?

मुलांच्या मालिकेचे तीन-चार भाग वाचून झाले की घरात एक प्रश्न हमखास येतो: हे गाव खरंच आहे का? बेळगावकडच्या घरात त्याला लगेच शेपूट जोडलं जातं: असलं तर आपल्या, कर्नाटकाच्या बाजूला, की चंदगडच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या? आजोबा म्हणतात, हे खानापूरच्या अलीकडचंच. मामा म्हणतो, छे, आजऱ्याकडचं. प्रत्येकाला पुस्तकात आपलंच गाव दिसतं, कारण वड, पार, मारुतीचं देऊळ आणि चिंचेखालची शाळा सगळ्यांच्याच गावात असते. वाद रंगतो, पण जागचा हलत नाही.

तो हलवायची एक पद्धत आहे. वही, पेन्सिल, एक चांगला नकाशा आणि आपल्या गावाचा हट्ट थोडा वेळ बाजूला ठेवायची तयारी एवढ्यावर ती चालते. खाली ती एका सरावाच्या उदाहरणावर दाखवली आहे.

## आधी ठरवा, गाव कोणत्या प्रकारचं आहे

पहिला प्रकार सोपा. लेखक खरं नाव देऊन मोकळा होतो. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा आणि शिकायला पुण्यात. फुरसुंगी पुण्याजवळ आहेच. शोधायची असलीच तर फार तर गल्ली.

दुसरा प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो आणि सगळ्यांत जास्त फसवतो. त्याला जोडगाव म्हणू. गोधडीत आईच्या लुगड्याचा तुकडा असतो, आजोबांच्या धोतराचा असतो, म्हणून गोधडी कुणा एकाची होत नाही. तसं इथे नदी एका गावची, शाळा दुसऱ्या गावची, बाजार तिसऱ्या गावचा. आर्थर रॅन्सम यांच्या होड्यांच्या मालिकेतलं तळं याचा नमुना आहे. पहिलं पुस्तक १९३० सालचं. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली विंडरमिअर आणि कॉनिस्टन ही दोन तळी मिसळून ते एक तळं झालं. मुलं ज्या डोंगराला कांचनजंगा म्हणतात तो कॉनिस्टनजवळचा ओल्ड मॅन. बेटावरचं खडकांत लपलेलं बंदर कॉनिस्टनमधल्या पील बेटावर आहे. आणि ज्या गावाला ती रिओ म्हणतात ते मात्र विंडरमिअरकाठच्या बाउनेसशी जुळतं. एकच तळं शोधत बसणारा माणूस इथे जन्मभर अडकला असता.

तिसरा प्रकार म्हणजे बनवलेलं गाव. आर. के. नारायण यांचं मालगुडी १९३५ साली पहिल्या कादंबरीत आलं आणि पुढे अनेक पुस्तकांत राहिलं. शरयू नदी, मेंपीच्या टेकड्या, मार्केट रोड, अल्बर्ट मिशन स्कूल असं सगळं जागच्या जागी आहे, पण नकाशावर मालगुडी नाही. तरी ते हवेतलं म्हणता येत नाही. माणसं दक्षिणेतली, झाडं दक्षिणेतली, मद्रासला जाणारी रेल्वे खरी. म्हणजे बनवलेल्या गावालाही मुलूख असतो. गाव सापडणार नसलं तरी मुलूख बहुतेक वेळा सापडतो.

## खूण जुळवायची नाही, तिने गावं गाळायची

इथेच बहुतेकांची चूक होते. पुस्तकात नदी आहे, आमच्या गावाला नदी आहे, म्हणून हे आमचं गाव. यातून काहीच ठरलं नाही. नदी असलेली सगळी गावं अजून रांगेत उभीच आहेत.

लग्नाचं स्थळ बघताना घरातली मोठी माणसं कशी वागतात ते आठवा. ‘मुलगा शिकलेला आहे’ यावर कुणी होकार देत नाही. पण ‘मुलगा वर्षातले दहा महिने जहाजावर असतो’ हे कळलं की यादीतून एक नाव खाली जातं. पुस्तकातल्या स्थळालाही हीच रीत लावायची. प्रत्येक खुणेला एकच विचारायचं: हिच्यामुळे कोणती गावं बाद होतात? एकही होत नसेल, तर ती खूण शोभेची. वडाचा पार दहातल्या नऊ गावांत असतो, म्हणून तो दहातलं एकच गाव गाळतो. दहातल्या एकाच गावात असणारी गोष्ट नऊ गावं एका फटक्यात गाळते. वहीत तिच्यापुढे मोठा ठिपका काढायचा.

आणखी एक खाच आहे. भात, मुसळधार पाऊस आणि उतरती कौलं या तीन खुणा वाटतात. खरं तर ती दीड खूण आहे. समजा आपल्या यादीत २४० गावं आहेत आणि भातामुळे ८० उरली. आता उतरती कौलं तिसरा हिस्सा ठेवतील आणि २७ गावं उरतील, असा हिशेब केला तर तो चुकला. कारण भाताच्या त्या ८० गावांत कौलं जवळपास सगळीकडेच असणार, कारण दोन्हींमागे पाऊस एकच. एकमेकींच्या पदराला बांधलेल्या खुणा एकत्रच मोजाव्यात.

## सरावासाठी एक उतारा

समजा एक मालिका आहे, गावाचं नाव हिरेमाळ. नावही बनवलेलं आणि मालिकाही, फक्त सरावापुरती. दुसऱ्या भागाची सुरुवात अशी:

‘दसऱ्याची सुट्टी लागून चार दिवस झाले होते. भाताला लोंब्या धरल्या होत्या. सुमी म्हणाली, “मी नदीवर चाललो. येतोस काय?” पाणी ज्या दिशेला चाललं होतं, तिकडूनच सूर्य वर येत होता. पुलावरून गाडी गेली. शंकरनं बोटांवर मोजले: सतरा डबे. “बेळगावची,” तो म्हणाला. “दादा तिनंच जातो, पीयूसीला.” रात्री गवा शेतात शिरला म्हणून अध्यक्ष काठी घेऊन बांधावर उभे होते. पलीकडं वीटभट्टी धुमसत होती.’

दहा-अकरा वाक्यं, पण खुणांनी खच्चून भरलेली. त्या तीन जातींच्या आहेत: दगडातल्या, कागदातल्या आणि तोंडातल्या.

## दगडातल्या खुणा: पाणी, डोंगर, रूळ

या सगळ्यांत भरवशाच्या, कारण त्या लेखकाला सहसा बदलाव्याशा वाटत नाहीत. नदीपासून सुरू करू.

सह्याद्रीचा माथा म्हणजे कौलारू घराचं आढं समजा. आढ्याच्या या बाजूला पडलेला थेंब या पागोळीतून गळतो, त्या बाजूचा त्या पागोळीतून. भूगोलात या आढ्याला जलविभाजक म्हणतात. शब्द एकदा कळला की पुरे, आपण आढंच म्हणू. गंमत अशी की खानापूर तालुक्यात हे आढं तालुक्याच्या आतूनच जातं. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वाहते, कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच तालुक्यातल्या भीमगडच्या रानातून निघणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते आणि अरबी समुद्र गाठते. म्हणजे नदी कुठल्या दिशेला वाहते एवढं कळलं तरी तालुक्याचे दोन भाग वेगळे पडतात.

उताऱ्यात पाणी सूर्याकडे चाललंय, म्हणजे पूर्वेला. पण सूर्य रोज नेमका पूर्वेला उगवत नाही. आपल्याकडे जूनमध्ये तो पूर्वेपासून जवळजवळ २४ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेकडे. दसऱ्याच्या सुमारास हा फरक फार तर दहा-बारा अंशांचा, म्हणून या उताऱ्यापुरती खूण चांगली आहे. दुसरी अडचण वळणांची. नदी वळसे घेते. एका डोहाजवळची दिशा म्हणजे नदीची दिशा नव्हे. मालिकेत निदान दोन-तीन ठिकाणी दिशा जुळली तरच खूण पक्की धरा.

आता रूळ. मिरज-लोंढा मार्ग बेळगाव जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा ओलांडतो. तिन्ही पूर्वेला वाहणाऱ्या, म्हणून पूल आणि दिशा एवढ्यावर निकाल लागत नाही. पण भाताचं शिवार आणि रात्री शेतात येणारा गवा हे कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात एकत्र बसत नाही. घटप्रभेवरचा पूलही माळरानाच्या मुलखात आहे. उरते मलप्रभा. बेळगावहून लोंढ्याकडे जाताना देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी अशी स्थानकं लागतात, आणि दक्षिणेला चाललेल्या या रुळाला पूर्वेला चाललेली मलप्रभा खानापूरजवळ ओलांडावीच लागते.

शंकरनं डबे मोजले, यातही माहिती आहे. गाडीची शिट्टी शांत रात्री चार-पाच किलोमीटरवरूनही ऐकू येते, पण झाडीच्या मुलखात डबे मोजायचे तर पूल एक-दीड किलोमीटरच्या आत हवा. म्हणजे शिट्टी मोठं वर्तुळ देते आणि डबे लहान.

याच जातीची एक सुंदर खूण म्हणजे चंदगडचं बाद होणं. चंदगड तालुक्यात भात आहे, धो धो पाऊस आहे, मराठी आहे, आणि बाजाराला माणसं बेळगावलाच येतात. सगळं हिरेमाळशी जुळतं. पण चंदगड तालुक्यात रेल्वे नाही. मामांचं आजरं याच चाळणीतून खाली पडतं, तिथेही रूळ नाहीत.

## कागदातल्या खुणा: सीमा इथे दिसते

पाऊस सीमा ओळखत नाही, बोली ओळखत नाही. शाळेचं वेळापत्रक मात्र ओळखतं. सीमाभागातलं गाव शोधताना हीच खूण सगळ्यांत कामाला येते.

कर्नाटकात सहामाहीनंतरची मोठी सुट्टी दसऱ्याला असते आणि दिवाळीला मोजके दिवस मिळतात. महाराष्ट्रात मोठी सुट्टी दिवाळीची. बेळगावची मराठी शाळाही कर्नाटकाच्याच वेळापत्रकाने चालते. तेव्हा ‘दसऱ्याची सुट्टी लागून चार दिवस झाले’ या एका वाक्याने गाव सीमेच्या अलीकडे आलं. जून उजाडताच शाळा भरली असेल तरी कल याच बाजूचा. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात.

दादा ‘पीयूसीला’ जातो. महाराष्ट्रातला लेखक अकरावी किंवा ज्युनिअर कॉलेज म्हणाला असता. दहावीची परीक्षा इकडे एसएसएलसी, तिकडे एसएससी. एका अक्षराचा फरक, पण राज्य सांगून जातो. ग्रामपंचायतीचा प्रमुख इकडे अध्यक्ष, तिकडे सरपंच. कारभार बघणारा अधिकारी इकडे पीडीओ, तिकडे २०२४ पर्यंत ग्रामसेवक. उताऱ्यात काठी घेऊन उभे असलेले ‘अध्यक्ष’ म्हणूनच महत्त्वाचे. ते गणेशमंडळाचे अध्यक्ष नाहीत ना, एवढं मात्र पुढच्या पानावर तपासून घ्या.

गाडीची पाटी, पिनकोड, फोनचा कोड ही तर आयतीच मिळतात. बेळगावची गाडी केए-२२, चिकोडीची केए-२३, कोल्हापूरची एमएच-०९. पत्त्यातल्या पिनकोडचा पहिला आकडा ५ असला तर कर्नाटक शक्य आहे. या भागात ४ असला तर महाराष्ट्र किंवा गोवा धरा. ०८३१ म्हणजे बेळगाव, ०८३२ म्हणजे गोवा. इथे घाईत एक आकडा चुकला की माणूस घाट उतरून खाली जातो.

## तोंडातल्या खुणा: गोड, पण निसरड्या

सुमी मुलगी असून ‘चाललो’ म्हणते. पुण्याच्या संपादकाला ही छपाईची चूक वाटेल, पण कोल्हापूर-बेळगावकडच्या मुली ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणतात. खूण खरी आहे आणि उत्तम आहे. फक्त ती चंदगड, आजरा, कागल, निपाणी, बेळगाव, खानापूर यांपैकी एकालाही बाद करत नाही. ती विदर्भ बाद करते, मुंबई बाद करते. चाळणीचं भोक मोठं असलं तरी चाळणी निरुपयोगी नसते, पण तिच्यातून पीठ आणि रवा वेगळा होत नाही.

शेतातले शब्दही असेच. तण काढायला ‘भांगलण’ म्हटलं तर दक्षिण महाराष्ट्र आणि सीमाभाग. ‘निंदण’ म्हटलं तर विदर्भाकडे वळा. भाकरी तांदळाची की ज्वारीची, हा प्रश्न एकाच जिल्ह्यात खानापूर आणि अथणी वेगळे करतो. कुंदा आणि करदंट मात्र खुणा म्हणून अगदीच दुबळे आहेत. बेळगावचा कुंदा आणि गोकाकचं करदंट पाहुण्यांच्या पिशवीतून कुठेही पोचतात. खाणारा तिथलाच असेल असं नाही.

गावाच्या नावाबद्दल थोडं सांभाळून. लेखक खोटं नाव ठेवतानाही आसपासच्या नावांचा कानाला बसलेला ठेका धरतो. ‘केरे’ म्हणजे कन्नडमध्ये तळं. बेळगाव तालुक्यातल्या बेक्किनकेरे या नावाचा शब्दशः अर्थ मांजराचं तळं असा होतो, आणि तिथे मराठी सर्रास ऐकू येतं. म्हणजे नावावरून नाव ठेवणाऱ्यांची भाषा कळते, आज तिथे राहणाऱ्यांची नाही. हिरेमाळमधला ‘हिरे’ कन्नडमधला थोरला आणि ‘माळ’ आपला मराठी. अशी सरमिसळ सीमाभागाकडे बोट दाखवते, एवढंच.

## आता वहीत आणि नकाशावर

वहीत पाच रकाने आखा: भाग, पान, वाक्य जसंच्या तसं, खुणेची जात, आणि तिच्यामुळे काय बाद होतं. ‘वाक्य जसंच्या तसं’ हा रकाना आळसाने गाळू नका. ‘नदी पूर्वेला वाहते’ असं स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलं की महिन्याभराने कळत नाही, ते पुस्तकात होतं की आपल्या मनात.

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा घ्या. एकास पन्नास हजार मापाचा, म्हणजे नकाशावरचे २ सेंटिमीटर जमिनीवरचा १ किलोमीटर. त्याला टोपोशीट म्हणतात. जुन्या क्रमांकात बेळगाव ४८ आय या गटात येतं आणि निपाणी ४७ एलमध्ये, कारण १६ अक्षांशाची रेघ दोघांच्या मधून जाते. विभागाच्या संकेतस्थळावर नव्या मालिकेचे नकाशे उतरवून घेता येतात. मोबाईलवरचा नकाशा रस्त्यांसाठी ठीक आहे, पण ओढे, टेकडीचा उतार आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) टोपोशीटवरच नीट वाचता येतात. या मापावर दोन रेषांमध्ये साधारण २० मीटर उंचीचा फरक असतो. मुलं ‘दमून’ टेकडी चढली असतील आणि नकाशावर एकच रेष असेल, तर ती टेकडी नव्हे.

अंतरं वेळेवरून काढावी लागतात. मूल सपाटीवर तासाला चार किलोमीटर चालतं, रानवाटेने अडीच-तीन. त्यात बोरं वेचणं, दगड मारणं, भांडण हे धरलं तर ‘अर्ध्या तासाची वाट’ एक ते दोन किलोमीटर समजा. कोस असेल तर सुमारे तीन किलोमीटर. कंपास घेऊन लहान आणि मोठं अशी दोन वर्तुळं काढा. गाव त्या दोन वर्तुळांमधल्या पट्ट्यात. शाळा, पूल, रान अशा तीन जागांवरून पट्टे काढले की ते जिथे एकमेकांवर पडतात ती जागा रंगवा. पट्टे कुठेच जमले नाहीत तर रबर उचलायची घाई नको, ते जोडगावाचं पहिलं लक्षण असतं.

## गाव कुठलं याच्या आधी, साल कुठलं?

पुस्तक १९९० साली छापलेलं असतं आणि त्यातलं गाव १९५५ सालचं. लेखक आपल्या लहानपणात राहतो. नकाशा मात्र आजचा उघडलेला असतो. मग धरणाखाली गेलेली वाट शोधत आपण हैराण होतो.

साल पकडायच्या काही पक्क्या खुंट्या आहेत. आणे चालतायत म्हणजे सहसा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा काळ, पण ‘चार आणे’ बोलण्यात पुढेही टिकले, तेव्हा हिशेब लिहिलेला असेल तरच धरा. बेळगाव मुंबई राज्यात असेल तर १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचं. म्हैसूर राज्यात असेल तर तिथपासून १९७३ पर्यंतचं, कारण १ नोव्हेंबर १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. पिनकोड १९७२ साली आला. पुण्याला जाताना मिरजेला गाडी बदलावी लागत असेल, तर काळ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून नव्वदच्या दशकातल्या रुंदीकरणापर्यंतचा. तेव्हा मिरजेच्या पुढे पुण्याकडे मोठा रूळ होता आणि बेळगावकडे लहान.

‘बेळगाव’ की ‘बेळगावी’ यावरून मात्र लगेच साल ठरवू नका. मराठी माणूस आजही बेळगावच म्हणतो आणि कन्नड माणूस आधीपासून बेळगावीच म्हणत आला आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं ते सरकारी कागदावरचं, म्हणजे मुख्यतः इंग्रजी पाटीवरचं नाव. तेव्हा पाटी बघा, पात्रांचं बोलणं नको. महामार्गाचंही तेच, पाटीवर ४८ येऊन वर्षं झाली, तरी लोकांच्या तोंडी अजून एनएच फोरच आहे.

## पण चित्रीकरण तिथे झालंय ना?

मालगुडीच्या कथांवरची दूरदर्शन मालिका शंकर नाग यांनी शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबे इथे चित्रित केली. तेव्हापासून कित्येकांसाठी आगुंबे म्हणजेच मालगुडी. पण मालगुडीच्या जगण्यात रेल्वे स्टेशन ठायी ठायी आहे आणि आगुंब्यात रेल्वेच नाही. चित्रीकरणाची जागा निवडताना जुनी घरं, कमी तारा, माणसांची राहायची सोय हे बघतात. मुखपृष्ठाचंही तसंच. चित्रकाराला गाव दाखवलेलं नसतं, बऱ्याचदा नुसता मजकुराचा सारांश दिलेला असतो. चित्रातलं कौल हे चित्रकाराच्या आठवणीतलं कौल. लेखकाने स्वतः काढून दिलेला नकाशा पुस्तकात असेल तर गोष्ट वेगळी. त्याला दगडातल्या खुणेच्या जवळचा मान द्या.

## पण लेखकालाच विचारलं तर?

जरूर विचारा, आणि उत्तर वहीत लिहा, पण शेवटचा शब्द म्हणून नको. लेखकाला गावातल्या माणसांना दुखवायचं नसतं, किंवा खरंच आठवत नसतं. पंधरा वर्षं चालणाऱ्या मालिकेत तिसऱ्या भागातली नदी अकराव्या भागात उलटी वाहू लागते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. नारायण मालगुडी काल्पनिक असल्याचंच सांगत राहिले, तरी वाचकांनी त्याचे नकाशे काढलेच.

## पण पुस्तक भाषांतरित असेल तर?

मग तोंडातल्या सगळ्या खुणा आधी खोडून टाका. भाषांतरकाराने भजी तळली असतील, सदरे घातले असतील, नावं बदलली असतील. आकाश मात्र बदलायचं राहून जातं. बेळगावला सूर्यास्त वर्षभरात साधारण संध्याकाळी ६ ते ७ वाजून ५ मिनिटं एवढ्यातच फिरतो. मुलं रात्री नऊला उजेडात होडी वल्हवत असतील तर गोष्ट कितीही मराठमोळी वाटो, ती दूर उत्तरेतली आहे. ध्रुवतारा आणखी नेमकं सांगतो: तो क्षितिजापासून जितके अंश वर, तितका त्या जागेचा अक्षांश. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश झाकते. बेळगावहून ध्रुव दीड मुठीवर दिसतो, लेक डिस्ट्रिक्टमधून साडेपाच मुठींवर. ‘ध्रुवतारा पार डोक्याच्या दिशेला होता’ असं वाक्य सीमाभागातल्या गोष्टीत येऊच शकत नाही.

## हिरेमाळच्या दोन विसंगती

उताऱ्यातली वीटभट्टी अजून हिशेबात घेतली नाही. खानापूर वीट-कौलांसाठी ओळखीचं आहे, तेव्हा जुळलं म्हणून टाळी वाजवायचा मोह होतो. पण दसऱ्याला भट्टी पेटलेली कशी? त्या वेळी माती ओली, आकाशाचा भरवसा नाही. थापलेली कच्ची वीट वाळायला कोरडे दिवस लागतात. थापणी पावसाळा पुरता उलगडल्यावर सुरू होते आणि भट्टी त्यानंतर पेटते. म्हणजे लेखकाने उन्हाळ्याची आठवण दसऱ्यात चिकटवली आहे. खूण बाद करू नका, तिचा महिना बाद करा: भट्टी त्या गावची असेल, त्या दिवसाची नाही.

दुसरी विसंगती मोठी. समजा चौथ्या भागात मुलं शाळेला जाताना दारोदार वाळत घातलेल्या तंबाखूच्या उग्र वासाने शिंकतात. तंबाखू हे निपाणीकडचं पीक. मलप्रभेच्या वरच्या खोऱ्यातल्या भातगावात दारोदार तंबाखू नसते. आता आधीचं सगळं पुसायचं का? नाही. नदी, पूल, गवा, सुट्टी या खुणा पहिल्या भागापासून परत परत येतात. तंबाखू एकाच भागात, एकाच वाटेवर येते. लेखकाने आपल्या शाळेची वाट निपाणीहून उचलून आणली असावी. गोधडीत एक ठिगळ वेगळ्या लुगड्याचं.

तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर उत्तर असं लिहायचं: ‘हिरेमाळ. जोडगाव. जमीन आणि पाणी खानापूर तालुक्यातलं, मलप्रभेच्या खोऱ्यातलं, रेल्वे पुलापासून दीड किलोमीटरच्या आत, भरवसा चांगला. शाळेची वाट निपाणीकडची; भरवसा मध्यम. वीटभट्टी खरी, महिना खोटा. घर कुणाचं ते शोधलेलं नाही.’ शेवटचं वाक्य मुद्दाम लिहायचं, कारण तालुका सापडला की लोक पुढे सुमीचं घर शोधायला निघतात, आणि त्या घरात आज ज्यांचा गोष्टीशी काही संबंध नाही अशी माणसं भात वाळत घालत असतात.